वेळेची चणचण आणि कृतज्ञता: उपाय की नुसती समजूत?

खिडकीची_जागा (धागाकर्ती):
डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत, घरातून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत, माझे रोजचे तीन तास प्रवासात जातात, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचा मला पूर्ण हक्क आहे असे मी बरीच वर्षे मानत आले. मात्र एका रविवारी दुपारी, हातात काहीही काम नसताना, ‘मला वेळच मिळत नाही’ असे मी बहिणीला फोनवर सांगितले आणि ते माझे मलाच खटकले. तेव्हापासून परतीच्या गाडीत, बसायला मिळाले तर, त्या दिवशी कोणामुळे माझे काय सोपे झाले अशा तीन नोंदी मी वहीत करते: भाजी निवडून ठेवणाऱ्या सासूबाई, काउंटरवरची गर्दी न सांगता वाटून घेणारा सहकारी, ठाण्याला उतरण्याआधीच खूण करून जागा देणारी अनोळखी बाई. दोन महिन्यांत माझ्या दिवसात एक मिनिटही वाढलेले नाही, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर राहिलेल्या कामांची जी यादी डोळ्यांपुढे नाचत असे, ती बरीच शांत झाली. माझे मत असे की ही चणचण निम्मी तरी हिशेबाची चूक असते. राहून गेलेले आपण मांडतो, आयते मिळालेले मांडत नाही.

माजघर:
मी असहमत आहे. समाधान मानण्याचा उपदेश आपल्याकडे नेमका ज्यांच्याकडे वेळ नसतो त्यांनाच केला जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच फार कमी आहे. ही दोनशे मिनिटांची तफावत वहीने कशी भरून निघणार? शिवाय ताई, तुमचे काम जेथे सोपे झाले तेथे बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी वेळ खर्च झाला आहे. सासूबाई अशी वही लिहितात का?

आकडेमोड:
पुराव्याबद्दल थोडे. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटावे अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या आणि त्यांना आयुष्याबद्दल अधिक बरे वाटले. परंतु तुलनेतला एक गट आपल्या कटकटींची यादी करत होता, आणि कटकटी मोजत बसलेल्या माणसापेक्षा कोणालाही बरेच वाटणार. मुख्य म्हणजे तेथे प्रश्न समाधानाचा, मनःस्थितीचा आणि प्रकृतीचा होता, वेळेच्या टंचाईचा नव्हता. या विषयाच्या अधिक जवळचे काम २०१२ चे आहे: मोगिलनर, चान्स आणि नॉर्टन यांना असे आढळले की स्वतःसाठी वेळ वापरणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यासाठी वेळ देणाऱ्यांना आपल्याकडे अधिक वेळ असल्यासारखे वाटते. त्यामुळे नुसते आभार मानण्यापेक्षा दुसऱ्यासाठी काही केल्याने फरक पडत असावा, एवढेच मी म्हणेन.

खिडकीची_जागा:
सासूबाईंना विचारले. ‘मी कशाला लिहू, भाजी निवडताना माझी मालिका बघून होते,’ असे त्या म्हणाल्या. अर्थात या उत्तराने माजघर यांचा मुद्दा खोडला जात नाही, हे मला कळते. पण वहीबाबत एक गोष्ट सांगायची राहिली. पाने उलटताना जवळजवळ प्रत्येक पानावर सासूबाईच दिसू लागल्या, तेव्हा कृतज्ञतेपेक्षा मला ओशाळेच अधिक वाटले. गेल्या महिन्यापासून शनिवारचा स्वयंपाक मी आणि नवरा करतो. वही नसती तर हे माझ्या लक्षात आले नसते.

गोठा:
आमच्याकडे श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून मळतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पुरणपोळी, झूल, मिरवणूक हे सगळे आहेच, पण खरी कृतज्ञता त्या न ठेवलेल्या जुवात आहे असे मला वाटते. ज्याने आपला वेळ वाचवला त्याला वेळ परत द्यायचा, ही समज आपल्या सणात आधीपासून आहे, आणि ताईंच्या वहीने त्यांना तेथेच नेले.

माजघर:
पोळ्याचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. दुसऱ्या दिवशी तोच बैल त्याच जुवाखाली असतो. आणि शनिवारी भाजी निवडतो कोण, हे ताईंनी लिहिलेले नाही.

खिडकीची_जागा:
नवरा निवडतो. मेथीच्या दोन जुड्यांना त्याला पाऊण तास लागतो, आणि वेळ पुरत नाही ही तक्रार आता आमच्या घरात तो करतो.