पावसाळ्यातला गवती चहा पाणचट का लागतो?

गच्चीवाली_नेरूळ:
गच्चीवर गवती चहा, तुळस आणि पुदिना लावलाय. मे महिन्यात गवती चहाचं एक पातं पातेलंभर चहाला पुरायचं. आता ऑगस्टमध्ये मूठभर टाकलं तरी पाणचट. बेट तेच, कुंडी तीच. पहाटे कापायला हवं का? थोडं तेलही काढून बघायचंय.

कोपरीकर:
आजी दव असतानाच खुडायची. पहाटेच कापा.

निवृत्त_केमिस्ट_ऐरोली:
पहाटेचा नियम गुलाबाचा. ऊन चढलं की पाकळ्यांतलं तेल उडून जातं. गवती चहाचं तेल पात्याच्या आत असतं, म्हणून तर चुरगळल्याशिवाय वास येत नाही. दव सुकल्यावरच कापा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका सुगंधाच्या कारखान्यात मी जीसी मशीनवर (तेलात कोणते घटक किती आहेत ते मोजणारं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्र) नोकरी काढली. माझं म्हणणं, घड्याळाआधी पानाचं वय बघा. पेपरमिंटच्या कोवळ्या पानाच्या तेलात मेंथोन नावाचा घटक जास्त. पान जून होतं तसं झाड त्याचंच मेंथॉल, म्हणजे थंडावा देणारा घटक, करतं. म्हणून कळ्या दिसेपर्यंत थांबायचं. फार थांबलात तर फुलांतलं मेंथोफ्युरान हे नकोसं द्रव्य तेलात उतरतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. (तुमचा पुदिना चटणीचा असेल तर बहुधा स्पिअरमिंट. त्याच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन, मेंथॉल नावापुरतं. हा हिशेब त्याला लावू नका.) धण्याचा कायापालट तर बघण्यासारखा: हिरव्या फळात ढेकणाच्या वासाची आल्डिहाइडं, पिकून वाळलं की ती ओसरतात आणि लिनालूल हे गोडसर वासाचं द्रव्य वर येतं.

तुमच्या गवती चहाचं दुखणं पाऊस. ढगाळ हवा, भसाभस वाढ, पात्यात पाणीच पाणी. तेवढ्याच वजनात तेल कमी. उघडीप मिळाली की कापा, एक दिवस सावलीत सुकवा, मग तेल काढायच्या भट्टीत घाला. जून पातीही ठेवू नका, दोन-अडीच महिन्यांनी कापणी हवीच. तेलात 70-80 टक्के सिट्राल, म्हणजे लिंबासारख्या वासाचा घटक, असतं. पण किलोभर ताज्या पातीतून तेल निघणार जेमतेम 3-4 ग्रॅम. घरी एवढा गॅस जाळायचा का, ते तुम्ही ठरवा.

गच्चीवाली_नेरूळ:
बाप रे, 3 ग्रॅम! आणि तुळस, काका? सासूबाई मंजिऱ्या ठेवूच देत नाहीत.

निवृत्त_केमिस्ट_ऐरोली:
वृंदावनातल्या तुळशीचं त्यांचंच ऐका, पानं येत राहतात. तेलासाठी वेगळी कुंडी करा, ती फुलू द्या आणि ऐन फुलोऱ्यात, बी भरायच्या आत कापा. नंतर पानं झडतात, राहतात काड्या, आणि काडीत तेल जवळजवळ नसतंच.