मदत हवी आहे: आयर्लंडचं २०१९चं बीफ आंदोलन. भावासाठी बसले, मग करारात भाव का नाही?

मीथकरीण

नमस्कार मंडळी. धागा आयर्लंडचा आहे, पण निमित्त आपल्याकडचं. माझ्या मामेभावाच्या गावी, सांगोल्याकडे, दूध उत्पादकांचा एक अभ्यासगट आहे. त्यांच्यासमोर मला ऑनलाइन अर्धा तास बोलायचं आहे. विषय त्यांनीच दिला: "तिकडच्या शेतकऱ्यांनी फॅक्टऱ्यांची गेटं अडवली होती म्हणे. पुढं काय झालं, ते सांग." मी मीथ काउंटीत राहते, पण नोकरी संगणकाची. गुरं दिसतात ती गाडीच्या काचेतून. त्यामुळे जाणकारांची मदत हवी.

मला कळलेलं एवढं: जुलै २०१९च्या शेवटी 'बीफ प्लॅन मूव्हमेंट' या नव्या संघटनेने मांस कारखान्यांच्या गेटवर धरणं धरलं. तेव्हा खच्ची केलेल्या बैलाचा मूळ भाव कत्तलीनंतरच्या वजनावर किलोला साधारण ३.४५ युरो होता, आणि एवढ्यात खर्चही निघत नाही असं शेतकरी म्हणत होते. ऑगस्टमध्ये बोलणी झाली, एक मसुदाही निघाला, पण खालच्या शेतकऱ्यांना तो पटला नाही. मग कुठल्याच संघटनेचा झेंडा न घेता लोक पुन्हा गेटवर बसले. कारखाने बंद पडले, तीन हजारांवर कामगारांना तात्पुरतं घरी बसवलं गेलं. १५ सप्टेंबरला करार झाला.

आता अडचण. तो करार मी दोनदा वाचला आणि त्यात मूळ भावाचा शब्द नाही! बोनस आहे, समिती आहे, अहवाल आहेत. ज्या भावासाठी बसले तोच नाही.

१) असं का? शेतकरी फसले, की यात मला न कळणारं काही आहे?
२) सगळा राग सुपरमार्केटवर होता, मग सह्या करणाऱ्यांत सुपरमार्केट कुठे आहेत?
३) हे दूधवाल्यांना पटेल अशा भाषेत कसं सांगू?

विनंती: गोमांस खावं की खाऊ नये यावर इथे चर्चा नको. त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.

बांधावरून

ताई, मी रॉसकॉमनला असते, सासरी गुरं आहेत. गाई पाळायच्या, त्यांची वासरं वाढवायची, विकायची, असा आमचा प्रकार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: कायद्याने मूळ भावावर बोलताच येत नव्हतं. इथल्या स्पर्धा कायद्यात प्रत्येक शेतकरी हा स्वतंत्र धंदेवाला. दहा हजार धंदेवाल्यांनी एकत्र बसून 'अमुक भावाखाली विकायचं नाही' असं ठरवलं तर ती साटेलोटे करून केलेली भावबांधणी. कारखान्यांनी एकत्र बसून ठरवलं तरी तोच गुन्हा. म्हणून बोलणी सुरू होण्याआधीच तेव्हाचे कृषिमंत्री मायकेल क्रीड यांनी स्पष्ट केलं होतं की मूळ भाव टेबलावर येणार नाही.

कागदावर हे दोन्ही बाजूंना सारखंच. प्रत्यक्षात एका बाजूला हजारो शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला एबीपी, डॉन मीट्स आणि केपॅक हे तीन गट निम्म्याहून जास्त गुरं कापतात. तिघांना भाव ठरवायला एकत्र बसायची गरजच काय? सोमवारी एकाने पाच सेंट खाली केले की दुपारपर्यंत बाकीच्यांचा फोन येतो, "या आठवड्यात तेवढाच." पुरावा कुणाकडे नाही. सासरे म्हणतात, पुरावा नसतो, सवय असते.

शिवाय कारखान्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्याशी बांधलेल्या गोठ्यांत हजारो गुरं उभी असतात. बाजारात माल कमी येऊन भाव चढायला लागला की ती बाहेर काढायची, असा शेतकऱ्यांचा जुना आक्षेप आहे.

मीथकरीण

बाप रे. मग मिळालं काय नक्की?

बांधावरून

आता डॉकेट समजून घ्या. गुरू कापलं की कारखाना एक चिठ्ठी देतो. त्यावर प्रत ई, यू, आर, ओ, पी या अक्षरांत, आणि चरबी एक ते पाच आकड्यांत. आर आणि तीन म्हणजे मूळ भाव. त्याच्या वर गेलात तर किलोमागे काही सेंट जास्त, खाली गेलात तर कापणार. हे 'ग्रिड' २००९च्या अखेरीपासून आहे.

त्यावर बोनस. तो मिळायला जनावर ३० महिन्यांच्या आतलं हवं, गोठा दर्जा-प्रमाणित हवा, आयुष्यात चारपेक्षा जास्त शेतांवर राहिलेलं नको, शेवटच्या शेतावर किमान ७० दिवस हवं, प्रत आणि चरबी ठरावीक पट्ट्यात हवी. सगळं जुळलं तर किलोला १२ सेंट.

करारात १२चे २० झाले. ३० ते ३६ महिन्यांच्या जनावराला, बाकी अटी पाळल्या तर, आधी काहीच नव्हतं, तिथे ८ सेंट आले. प्रत किंवा चरबी थोडक्यात हुकलेल्यांना १२ सेंट. आणि ७० दिवसांचे ६० झाले.

३५० किलोचं जनावर धरा. आधी बोनस ४२ युरो, आता ७०. वाढले २८. आता गंमत बघा, मूळ भाव किलोला ८ सेंट उतरला की हे २८ युरो गायब. आणि तो उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. एवढं एकच गणित फळ्यावर लिहा, तुमचा अर्धा तास त्यात निघेल.

फॅट_एसएनएफ

मी नगर जिल्ह्यात संकलन केंद्र चालवलंय बरीच वर्षं, आता मुलगा बघतो. वरचं वाचून हसू आलं. ताई, तुमचा तिसरा प्रश्न सुटला की! हे आपलं ३.५ / ८.५ आहे. पेपरात भाव छापतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक). एसएनएफ ८.३ लागला की पॉइंटमागे कापायला सुरुवात. याला आमच्याकडे रिव्हर्स रेट म्हणतात. मोर्चा निघतो छापलेल्या भावासाठी, आणि पैसे जातात कापाकापीत. सांगोल्याच्या माणसाला तुम्ही 'ग्रिड' म्हणालात तर तो जांभई देईल. 'तिकडंबी रिव्हर्स रेट हाय' म्हणा, सरळ होऊन बसेल.

जुलै २०१८चं आठवतंय का? स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध अडवलं होतं, राजू शेट्टींनी. तेव्हा गाईच्या दुधाला १७-१८ रुपये मिळत होते. मागणी होती लिटरला ५ रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात. सरकारने काय केलं? ५ रुपये प्रक्रिया करणाऱ्याला देऊ, त्याने शेतकऱ्याला २५ द्यावेत. म्हणजे पैसा गेला मधल्याच्या हातून. आणि ते २५ कशाला? ३.५ / ८.५ ला. त्याखाली काय, त्यावर पुढे भांडण चालूच.

कट्ट्यावरचा

म्हणजे आयर्लंडचा शेतकरी पण 'साहेब, जरा फॅट बघा की' म्हणतो? मग जग एकच आहे म्हणायचं. 😀

फॅट_एसएनएफ

मशीन कुणाचं, त्यावर आहे सगळं, भाऊ.

बांधावरून

अगदी! इथे प्रत ठरवणारा कॅमेरा कारखान्यातच असतो. सरकारी तपासनीस येऊन पडताळतात, पण आमच्याकडचं एक डॉकेट आजही घरात वादाचा विषय आहे. कारखान्याचं नाव घेत नाही.

काळीमाती

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं. मी शेतीअर्थशास्त्र शिकवतो (इथे नाही, पुण्यात), आयरिश प्रकरण वर्गात घेतो.

सुपरमार्केट करारात नव्हते, कारण गेट त्यांचं अडवलं नव्हतं. शेतकऱ्याचा सौदा कारखान्याशी, कारखान्याचा सुपरमार्केटशी. शेतकऱ्याने विचारलं की ३० महिन्यांची अट कशाला, तर कारखाना म्हणतो, ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकाला हवी. या अटीचं मूळ १९९६च्या बीएसईच्या (गुरांच्या 'मॅड काउ' रोगाच्या) संकटात आहे: ब्रिटनने तेव्हा ३० महिन्यांवरची गुरं अन्नातून बाद केली. तो नियम २००५मध्ये उठला. रोगाचं कारण संपलं, अट खरेदीच्या कागदावर उरली. शेतकऱ्यांचा खरा संताप इथे होता, की आरोग्यासाठी आलेली अट आता भाव पाडायला वापरतात. कंपन्यांचं म्हणणं की कमी वयाच्या मांसाचा दर्जा सारखा येतो आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असू शकतं, पण अटीचे पैसे शेतकऱ्याकडून कापायचे आणि अट पाळल्याचा फायदा वर ठेवायचा, हे काही पटत नाही.

आणि ब्रिटन किती महत्त्वाचं? आयर्लंडचं जवळजवळ ९० टक्के बीफ निर्यात होतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास ब्रिटनला. २०१६च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर पौंड घसरला, त्याचा फटका थेट आयरिश बांधावर बसला. म्हणून २०१९मध्ये युरोपीय संघ आणि आयरिश सरकारने मिळून १० कोटी युरोची मदत जाहीर केली. तिला अट काय, तर घेणाऱ्याने शेणखतातला नायट्रोजन ५ टक्के कमी करायचा, म्हणजे व्यवहारात गुरं कमी करायची. नाही जमलं तर पैसे परत. किती जणांना पुढे परत करावे लागले, ते बांधावरून ताईंच्या गावात विचारा.

सुपरमार्केटकडे मोर्चा वळला तो नंतर. नोव्हेंबर २०१९मध्ये ट्रॅक्टर डब्लिनच्या मध्यात येऊन रात्रभर उभे राहिले, आणि त्यानंतर जुन्या संघटनेने, आयरिश फार्मर्स असोसिएशनने, सुपरमार्केटच्या मालवाटप केंद्रांपुढे ठाण मांडलं.

मीथकरीण

जुनी संघटना सुरुवातीला का नव्हती गेटवर?

काळीमाती

कारण तिचे हात पोळलेले होते. जानेवारी २०००मध्ये तिने असेच कारखाने अडवले. कोर्टाने मनाई केली, मग जबर दंड लावला. नेतृत्वाने राजीनामे दिले, शेतकरी 'वैयक्तिक पातळीवर' गेटवर राहिले. २०१९मध्ये बिनझेंड्याचे लोक बसले यामागे हाही हिशेब आहे: संघटनाच नसेल तर दावा कुणावर लावणार? तरी कारखान्यांनी काही शेतकऱ्यांवर व्यक्तिशः दावे लावलेच. कराराचा अर्धा जीव त्यातच होता, धरणं उठलं की दावे मागे. ते सगळे लगेच मागे गेले नाहीत, म्हणून १४ ऑक्टोबरला करारातल्या समितीची, म्हणजे बीफ कृतिगटाची, पहिली बैठक होती तेव्हा आंदोलकांनी कंपन्यांच्या प्रतिनिधींना आत जाऊ दिलं नाही. बैठक रद्द. ती झाली ३ डिसेंबरला.

दुष्काळी_भाग

एक शंका. आपल्याकडे दूध अडवलं की दोन दिवसांत शहर ओरडतं, पण शेतकऱ्याचंही दूध नासतं. बैल तर गवतावर उभा राहील. मग त्यांना आंदोलन सोपं नाही का?

बांधावरून

वाटतं तसं. पण जनावर २९ महिन्यांचं असेल आणि गेट महिनाभर बंद राहिलं तर ते तिसाच्या पुढे गेलं, बोनस गेला. चरबी वाढली तर प्रतीचं कापलं. सप्टेंबरनंतर गवताचा जोर ओसरतो, मग गोठ्यात घेऊन चारा विकत. सासऱ्यांचे शेजारी गेटवर बसले होते आणि त्यांचीच गुरं मुदत ओलांडत होती. गावात त्यावरून तोंडं फिरली, कारण कुणाची विकायला तयार, कुणाची नाही. आणि घरी बसवलेले कामगार, ते याच गावांतले ना.

अजून एक, म्हणजे तिकडे चित्र नीट जावं म्हणून. इथला बीफ शेतकरी युरोपात राहतो म्हणून श्रीमंत नाही. टीगास्क या कृषी संस्थेच्या पाहणीत आमच्यासारख्या वासरं वाढवणाऱ्यांचं सरासरी वार्षिक शेती उत्पन्न त्या वर्षांत दहा हजार युरोच्या आत होतं, आणि अनुदान काढलं तर ते शून्याच्या खाली. नवरा शाळेत शिकवतो म्हणून गुरं आहेत आमची.

मीथकरीण

खूपच मदत झाली. एक प्रश्न हमखास येणार: "आज काय भाव आहे?" मी बघितलं, २०२५मध्ये किलोला ७ युरोच्या पुढे गेला होता! मग लोक म्हणतील, आंदोलन जिंकलं.

काळीमाती

तसं म्हणू देऊ नका. ७ युरो आले ते युरोप आणि ब्रिटनमध्ये गुरं कमी झाली म्हणून. टंचाईने जे दिलं ते टंचाई सरली की जाईल. आंदोलनाच्या खात्यात टाकायचंच असेल तर दोन गोष्टी टाका. एक, त्याच सुमारास बीफच्या उत्पादक संघटनांना मान्यता मिळू लागली. युरोपच्या कायद्यात मान्यताप्राप्त उत्पादक संघटनेला सभासदांच्या वतीने भाव बोलता येतो, म्हणजे पहिल्या प्रश्नातली कोंडी फोडायची वाट होती, ती फारशी कुणी चालली नव्हती. दुसरी, डिसेंबर २०२३मध्ये 'ॲग्री-फूड रेग्युलेटर' हे स्वतंत्र कार्यालय सुरू झालं. ते भाव ठरवत नाही. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत दिले का, ऐनवेळी ऑर्डर रद्द केली का, अशा गोष्टी बघतं, आणि भावाची माहिती गोळा करून छापतं.

फॅट_एसएनएफ

यावर आमची माणसं विचारतील, उसाला एफआरपी आहे तशी तिकडं बीफला आहे का?

काळीमाती

नाही. किमान भाव देणारा कायदा नाही. खर्चाखाली खरेदीला बंदी घाला, ही मागणी तिथेही आहे, मान्य झालेली नाही. दुधाला एफआरपी मागणाऱ्या आपल्या लोकांना आयर्लंडचा दाखला द्यायला उपयोगी नाही, हे आधीच सांगून टाका.

मीथकरीण

ठीक. मग मांडणी अशी करते: आधी ३५० किलोचं गणित, मग रिव्हर्स रेट, मग कायद्याची कोंडी. २०००चं आणि ट्रॅक्टरचं वेळ उरला तर. बांधावरून ताई, एखादं जुनं डॉकेट मिळेल का, नाव-पत्ता झाकून? त्याच्या शेजारी सांगोल्याची एक दूध पावती लावून दाखवते.

बांधावरून

देते. सासरे आनंदाने देतील, त्या वादातलंच देतील. व्यनि करा.

फॅट_एसएनएफ

पावती मी पाठवतो, पण ८.५ वाली नको, ८.२ वाली घ्या.