बेस ऐकूच येत नाही म्हणे!

एकानं कमेंटमध्ये लिहिलंय, बँडमध्ये बेसवाला, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, नसला तरी चालतं, ऐकूच येत नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत नाहीच येणार हो! चार तारांच्या बेसवर सगळ्यात जाड तारेचा मोकळा, म्हणजे बोट न दाबता वाजणारा, स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास, फारच खालचा. तो त्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाही.

सोलापुरात होटगी रोडला एका बारमध्ये मी शनिवारी बेस वाजवतो. परवा ऐन गाण्यात केबल सैल झाली, आवाज गुल. ड्रमर माझ्याकडं डोळे वटारून बघतोय, टेबलावर बोटांनी ताल धरलेले काका एकदम थांबले अन् शेंगदाण्याकडं वळले. काय गेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मालकानं मात्र बरोबर ओळखलं, पाकिटात शंभर कमी! ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, स्कूटरवर पायाशी घेऊन सात रस्त्यापर्यंत शिव्या देत आलो.