प्रतिसाद: सावड, इर्जिक आणि बचत गट

एकमेकांना मदत करणाऱ्या गटांना मराठीत काय म्हणतात, या प्रश्नावर वर 'संघ', 'मंडळ', 'स्वयंसहायता गट' असे शब्द सुचवलेत. चूक नाहीत, पण 'स्वयंसहायता गट' आमच्याकडं परभणीत फक्त बँकेच्या फॉर्मवर दिसतो. बायकांच्या तोंडी 'बचत गट'च. 'उमेद'चं (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं) काम आल्यापासून अनेक गटांचा मिळून 'ग्रामसंघ' होतो. तो शब्द मात्र गावानं पटकन उचलला.

मला खरी गोडी जुन्या शब्दांची. 'सावड' म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकच बैल असलेले दोघं जोडी जुळवून पेरणी उरकायचे, पैशाचा संबंध नाही. (अस्थी गोळा करायलाही 'सावडणे' म्हणतात, म्हणून नव्या पोरांचा गोंधळ होतो.) आळीपाळीच्या अशाच मदतीला 'वारंगुळा' हाही शब्द आहे. 'इर्जिक' जरा वेगळी: गावातली औतं एका दिवशी एकाच्या शेतात जमायची आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. सावडीत परतफेड मोजली जाते, इर्जिकीत जेवण झालं की हिशोब मिटला. म्हणून दोन्ही समानार्थी धरू नयेत, असं मला वाटतं.

ट्रॅक्टर आल्यावर औतं गेली, त्यांच्याबरोबर इर्जिकही. सावड मात्र खुरपणी, सोयाबीन काढणीला अजून कानावर येते.

आणि ऊसतोडीची 'टोळी' यात धरू नका. तिथं मजूर जमवणारा मुकादम असतो, उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे असतात. एकमेकांना मदत होते, पण टोळी जमते ती उचलीवर.

'भिशी' कुणीच कशी लिहिली नाही?