स्पेशल मॅडम बदलून गेल्या, आम्हाला कोणी सांगितलंच नाही

तापीकाठचा_बाप:
राम राम मंडळी. पोरगा जि.प. शाळेत तिसरीला आहे, बोलणं उशिरा आलं, पेन्सिल धरायला अजून बोटं वळत नाहीत. युडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं ओळखपत्र) काढलेलं आहे. मागच्या वर्षी दर गुरुवारी एक स्पेशल मॅडम यायच्या, त्यांच्याजवळ पोरगा खुलायचा, मणी ओवायचा, रंग सांगायला लागला होता. दिवाळीनंतर गुरुवारी घरी आला की नुसता रडायचा, आम्हाला वाटलं कोणी मारलं का काय, म्हणून मी शाळेत जाऊन उगाच दोन पोरांना दम पण देऊन आलो. महिन्याने चहाच्या टपरीवर कळलं की मॅडमची बदली झाली. गुरुजी माणूस चांगला आहे पण दोन शिक्षक अन् चार वर्ग, ते म्हणतात मला यातलं ट्रेनिंग नाही. आणि शाळेच्या ग्रुपवर मात्र पोराचं नाव टाकून मेसेज, "दिव्यांग पालकांनी कागदपत्रे जमा करावीत". (दिव्यांग मी नाही भो, पोरगा आहे.) सगळ्या गावाने वाचलं. आता बोलू कोणाशी?

चाळीसगावची_आई:
दादा, ग्रुपचं आधी सांगा, नाव टाकून मेसेज नको, फोन करा म्हणावं. माझी मुलगी पाचवीत आहे, आम्ही एक शंभर पानी वही दप्तरात ठेवतो. मी सकाळी लिहिते, रात्री झोपली का, फिटची गोळी घेतली का. बाई दुपारी दोन ओळी लिहितात, डबा खाल्ला, आज कशाला चिडली. सुरुवातीला बाई नुसत्या "ठीक" लिहून सही करायच्या, मग मीच प्रश्न लिहायला लागले तेव्हा उत्तरं यायला लागली. सासूबाईंना वाचता येत नाही तर त्या रोज मला मोठ्याने वाचायला लावतात.

सातपुड्यातली_शिक्षिका:
मी नंदुरबार जिल्ह्यात विशेष शिक्षक आहे, तुमच्या त्या स्पेशल मॅडमसारखीच. शिव्या द्या पण आधी ऐका. 2024 साली राज्य शासनाने केंद्राला (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला) एक अशी विशेष शिक्षकांची 4860 पदं मंजूर केली, म्हणजे एका बाईकडे अख्खं केंद्र, माझ्याकडे अकरा शाळा आहेत. केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना 15 मागे 1 असं ठरवलंय, ते आम्ही कागदावरच वाचतो. जी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, पाड्यावर शेवटचं अंतर पायीच, आईला मराठी येत नाही अन् माझी पावरी (तिथली आदिवासी बोली) तोडकीमोडकी, त्यात ऑनलाईन माहिती भरायची ती वेगळी. माझी बदली झाली तेव्हा मी पण पालकांना सांगितलं नव्हतं. ऑर्डर संध्याकाळी आली, सकाळी हजर व्हायचं होतं. पण नंतर एक फोन करता आला असता, नाही केला.
दादा, तुमच्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा मागा, म्हणजे त्याला काय येतं अन् पुढे काय शिकवायचं ते लिहिलेला कागद. तो नसला की नवीन माणूस आला तरी परत मण्यांपासून सुरुवात करतो.

आवक_जावक:
वही ठीक आहे, पण वहीने माणूस मिळत नाही. अर्ज करा दोन प्रतीत, एक तुमच्याकडे, त्यावर शिक्का अन् आवक नंबर घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकलेलं नसतं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सभासद पालकच असतात, सभेत विषय घ्यायला लावा, "विशेष शिक्षक कोणत्या तारखेला येणार", अन् इतिवृत्तात लिहून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे अर्जात पहिल्याच ओळीत टाका. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता बसतो का तेही विचारा, कोणी आपणहून सांगायचं नाही.

सातपुड्यातली_शिक्षिका:
अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांच्या) नावे करा, गुरुजींच्या विरोधात नको. रोज पोरगा त्यांच्याच वर्गात बसणार आहे.

तापीकाठचा_बाप:
हे पटलं. गुरुजींनाच विचारून अर्ज लिहितो, त्यांनाही माणूस हवाच आहे. ताई, आराखडा शाळेत मागू का तालुक्याच्या गटसाधन केंद्रात?

सातपुड्यातली_शिक्षिका:
आधी शाळेत. तिथे नसेल तर गटसाधन केंद्रात, अन् जुन्या मॅडमचा नंबर मिळाला तर सरळ फोन लावा. त्यांना राग येणार नाही, उलट पोराचं नाव पण आठवत असेल.