मदत हवी आहे: सायकल लॉक असते तरी पार्ट जातात, आता तर कोणीतरी ब्रेकच सोडवून ठेवला (नागपूर)

नमस्कार मंडळी,

सायकल चोरीला गेली असा हा धागा नाहीये. सायकल जागेवरच असते, लॉकसकट. जातं ते बाकीचं.

मी त्रिमूर्तीनगर ते धरमपेठ रोज सायकलने जातो. ऑफिसच्या बिल्डिंगला पार्किंग आहे पण ते कार आणि स्कूटरनी गच्च, म्हणून सायकल बाहेर फुटपाथच्या रेलिंगला बांधतो, नंबरवालं केबल लॉक आहे. शेजारी दोन कोचिंग क्लास, संध्याकाळी पोरांची ही गर्दी. दिवाळीनंतर आधी घंटी गेली, म्हटलं जाऊ दे. मग मागचा लाल ब्लिंकर, तो क्लिपवाला होता, काढून खिशात टाकायला पाहिजे होता, माझीच चूक. मग व्हॉल्व्हची दोन्ही टोपणं, ती नेऊन कोण काय करतं देव जाणे. आणि एका मंगळवारी रात्री साडेआठला खाली आलो तर सीटच नाही, खालच्या पाइपसकट. फ्रेममध्ये नुसतं भोक. घरापर्यंत उभ्यानेच पायडल मारत आलो, बजाजनगरात एक स्कूटरवाला बाजूला येऊन म्हणतो, "काहून भाऊ, एक्सरसाइज चालू आहे का?" काय सांगणार त्याला.

सीट आणि पाइप नवीन घेतला, साडेनऊशे गेले. तेही एक वेळ ठीक.

पण मागच्या गुरुवारी जे झालं त्यामुळे लिहितोय. सायकलला व्ही ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे हात आणि वरून एक वाकडी नळी, त्यातून वायर. चाक काढता यावं म्हणून ते दोन हात चिमटीत दाबले की नळी खाचेतून सुटते, पाना वगैरे काही लागत नाही. तर मी निघालो, शंकरनगर चौकात सिग्नल लाल झाला, पुढचा ब्रेक दाबला तर लीव्हर सरळ हँडलला जाऊन टेकली, मऊ, जशी काही वायरच नाही. मागच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो ते झेब्रा ओलांडून, आणि समोरून 'आपली बस' (सिटी बस) वळत होती. बाजूला घेऊन पाहिलं तर नळी खाचेतून काढून नीट बाजूला ठेवलेली. आपोआप सुटत नाही हो ती. चोरायचंही काही नाही त्यात. चोरी झाली की निदान कळतं तरी, हे तर चौकात जाईपर्यंत कळलंच नाही.

वॉचमनला विचारलं तर म्हणे, "मी गाड्यायकडे पाहतो जी, सायकलीचं नाई माह्याकडे." चौकीत गेलो, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली, एफआयआर होत नाही म्हणाले. होत नाही की करायची नव्हती?

तर विचारायचं असं की (१) सीट वाचवायला काय करता, रोज काढून वर नेणं जमणार नाही, डबा, बॅग, हेल्मेट आधीच हातात असतं (२) पुढचं चाक क्विक रिलीजचं आहे, म्हणजे लीव्हर उघडली की पान्याशिवाय निघतं, उद्या कोणी तेही ढिलं करून ठेवलं तर (३) पोलिसांचं खरं काय. सायकल सोडून स्कूटरने जा हा सल्ला बायकोने दिलेला आहे, तो परत नको.

प्रतिसाद

भाऊ, क्विक रिलीज म्हणजे चोराला दिलेली किल्लीच आहे. दोन्ही चाकांच्या आणि सीटच्या लीव्हर काढा आणि ॲलन बोल्टवाले घ्या, इतवारीत कोणत्याही सायकलवाल्याकडे मिळतील. ॲलन की चोराकडेही असते, तर त्या बोल्टच्या सहा कोनी भोकात एक छर्रा बसवून वरून मेण ओतायचं. की आत जातच नाही. तुम्हाला काढायचं असेल तेव्हा टोचणीने मेण उकरा, छर्रा बाहेर. सीटसाठी अजून एक, सायकलची जुनी चेन घ्या, तिच्यावर जुनी ट्यूब चढवा म्हणजे रंग खरवडणार नाही, सीटखालच्या तारांमधून आणि फ्रेममधून फिरवून चेन टूलने जोडून टाका. माझी तीन वर्षं तशीच आहे. आणि केबल लॉक फेकून द्या राव, ते कटरने एका झटक्यात तुटतं. यू लॉक घ्या, मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही त्यात आलं पाहिजे.

प्रतिसाद

एनसीचं सांगतो, त्यांनी टाळलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये येते आणि पाच हजारांच्या आतला माल असेल तर गुन्हा अदखलपात्र धरतात. माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा पैसे परत केले तर शिक्षा समाजसेवेची. तुमची सीट नऊशेची, म्हणून एनसी. अख्खी सायकल गेली आणि किंमत पाच हजार किंवा त्यावर असेल तर एफआयआर होते, त्यासाठी बिल आणि फ्रेम नंबर जवळ असलेला बरा. सायकल उलटी करा, दोन्ही पायडलच्या मधल्या एक्सलखाली बहुतेक नंबर ठोकलेला असतो, आजच फोटो काढून ठेवा.

प्रतिसाद

ब्रेकवालं काम मला क्लासच्या पोरांचं वाटतं, चोराचं नाही. बसायच्या आधी दहा सेकंद द्या: दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, पुढचं चाक उचलून वरून एक बुक्की मारा, सीट पिळून पाहा. चाकाची लीव्हर उघडी असली तरी फोर्कच्या (चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) टोकाला बारीक कड असेल तर चाक लगेच निघत नाही, पण डुगडुगतं, ते हाताला कळतं. आणि जागा बदला ना, पोह्याच्या ठेल्यासमोर वगैरे बांधा जिथे माणूस दिवसभर उभा असतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. फ्रेम नंबर सापडला, चिखलाखाली होता. यू लॉक आणलं. जागाही बदलली, चौकातल्या चहावाल्यासमोर, रोज एक चहा त्याच्याकडे घ्यावा लागतो हा भाग वेगळा. बुक्की मारतो रोज, ऑफिसवाले हसतात. पोरांचं म्हणताय ते असेलही, क्लासच्या सरांशी बोलून पाहतो.

छर्र्याचं मात्र जरा चुकलं. घरात मेण नव्हतं म्हणून फेव्हिक्विक टाकलं, आणि मग लक्षात आलं की सीट दोन बोटं वर राहिली आहे. आता पाय टेकत नाहीत. नेलपॉलिश रिमूव्हरने निघतं असं कोणीतरी म्हणालं, अर्धी बाटली ओतली, छर्रा ढिम्म हलत नाही, आणि ती बाटली माझी नव्हती. अजून काही उपाय?