इंजिनिअरिंगच्या पोरांना पेशी कशाला शिकवायची?

खडूफळा (छत्रपती संभाजीनगर)

मी एका खासगी कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात बायोलॉजी हा विषय घातलेला आहे. तो फिरत फिरत आता आमच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात येऊन बसलाय. पहिला युनिट उघडला तर काय, डोळा आणि कॅमेरा यांची तुलना, पक्षी आणि विमान यांची तुलना! हे सातवीच्या निबंधात शोभतं. पुढं पेशी, एन्झाइम, डीएनए, चयापचय, सगळं एका सत्रात कोंबलेलं.

पोरांनी दहावीनंतर जीवशास्त्र सोडलं ते सोडायचं म्हणूनच. मेकॅनिकलच्या पोराला इंटिग्रेशन येत नाही, फ्री बॉडी डायग्राम काढता येत नाही, एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) बॅक राहिलेली असते, आणि आम्ही त्याला पेशीचं नामनिर्देशित चित्र काढायला लावायचं. शिकवायला कोण, तर तासिका तत्त्वावरचा वनस्पतिशास्त्राचा गडी. बिचारा मनापासून शिकवतो, पण त्याला इंजिनिअरिंग ठाऊक नाही आणि आम्हाला पेशी. पोरं गाइड पाठ करून सुटतात.

माझं मत सरळ आहे. हा विषय काढा, ते तास गणिताला द्या. ज्यांना हौस आहे त्यांनी तिसऱ्या वर्षाला ऐच्छिक घ्यावा. बोला आता.

गाळप हंगाम (धाराशिव)

सर, मी पण मेकॅनिकलच. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. पेशी कशाला, याचं उत्तर आमच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मळी पातळ करायची, त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट म्हणजे साधारण पाच मायक्रॉनची एकेक पेशी. तिला हवा भरपूर मिळाली तर ती स्वतःची संख्या वाढवण्यावर साखर जास्त खर्च करते, हवा तोडली की तग धरण्यापुरती ऊर्जा काढून अल्कोहोल बाहेर टाकते. म्हणून आधी प्रीफर्मेंटरला हवा देऊन पेशी वाढवायच्या, मग हवा आवरायची. ब्लोअर कधी चालू, कधी बंद हे ठरवणारा इंजिनिअर आहे, पण ते कळायला पेशी काय करायली हे ठाऊक पाहिजे.

हिशेबही बघा. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून कागदावर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ५१ टक्क्यांच्या वर कुणी बाप जन्मात जाऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच निघतं, कारण काही साखर पेशी स्वतःच्या वाढीला खाते. उतारा कमी आला की चेअरमन साहेबांपुढं हाच हिशेब मांडावा लागतो.

आता उष्णता. पेशी काम करते तशी तापते, आणि फर्मेंटर आम्हाला बत्तीस-तेहतीस अंशांवर धरावा लागतो. त्याच्या बऱ्याच वर गेला की उष्णता आणि अल्कोहोल मिळून पेशीच्या पटलाचं (बाहेरच्या पातळ आवरणाचं) वाटोळं करतात, यीस्ट सुस्तावतं, साखर तशीच पडून राहते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं कूलिंग टॉवर खरं तर चांगला चालतो. पण टॉवर पाण्याचं बाष्पीभवन करून थंडावा देतो आणि मे महिन्यात धाराशिवला नेमकं पाणीच नसतं. हीट एक्सचेंजरचं गणित शेवटी पेशीच्या तब्येतीवर येऊन थांबतं. वरून लॅक्टोबॅसिलस हा बॅक्टेरिया शिरला की आम्लता चढते आणि उतारा पडतो, ते वेगळंच.

खडूफळा

भाऊ, हे सगळं तुम्ही कारखान्यात शिकलात ना? कॉलेजात नाही. मग माझाच मुद्दा झाला. आणि तुमच्याकडं लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीवाला असतोच की.

गाळप हंगाम

असतो ना सर. तो सांगतो, 'पेशी मरायल्यात.' थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र माझ्या हातात असतो. नवीन आलेलं पोरगं त्याला विचारतं, 'मरायल्यात म्हणजे? पंपाचा काय प्रॉब्लेम आहे?' ह्या दोघांना एकमेकांची भाषा कळेपर्यंत बॅच जाते.

नीट झालं नाही (लातूर)

मी पीसीबीवाली. लातूर पॅटर्नमध्ये रगडून निघाले, नीटला नंबर लागला नाही, गणितही घेतलेलं होतं म्हणून कॉम्प्युटरला आले. मला हा पेपर म्हणजे फुकटचे मार्क, तेव्हा काढू नका प्लीज 🙏

पण एक सांगते. डिप्लोमाची पोरं थेट दुसऱ्या वर्षाला येतात, त्यांना हा विषय लागतच नाही. इतका गरजेचा असेल तर त्यांचं काय?

खडूफळा

हिला म्हणतात मुद्द्याचं बोलणं.

निळी वायर (नांदेड)

डिप्लोमावाल्यांना नाही म्हणजे त्यांनाही द्यायला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मी इलेक्ट्रिकल करून हॉस्पिटलच्या यंत्रांच्या सर्व्हिसमध्ये आले. सर, तुमच्या डोळा-कॅमेऱ्याला माझाही विरोध आहे. पण तो युनिट वाईट म्हणून पेशीच नको, हे पटत नाही.

इलेक्ट्रिकलच्या वर्गात पहिल्या दिवशी एवढंच गणित द्या. पेशीच्या पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. चेतापेशी शांत असताना आत-बाहेर फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट. भागाकार करा. मीटरला एक कोटी चाळीस लाख व्होल्ट येतात. कोरड्या हवेत साधारण तीस लाखांना ठिणगी पडते. म्हणजे चौपटीहून जास्त ताण हे चरबीचं पातळ पटल मुकाट सोसतं. पोरं ताठ बसतात की नाही बघा.

पुढचं आपोआप येतं. पटल म्हणजे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), चौरस सेंटिमीटरला सुमारे एक मायक्रोफॅरड. त्यातले सोडियम-पोटॅशियमचे मार्ग म्हणजे व्होल्टेजप्रमाणे बदलणारे रोध. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून नेमकं हेच सर्किट मांडलं, आणि १९६३ ला नोबेलमध्ये वाटेकरी झाले. ताण आणखी चढवला तर पटलाला तात्पुरती भोकं पडतात आणि त्यातून डीएनए आत सारता येतो. मोठ्या प्रयोगशाळांत रोज चालतं हे. ईसीजी, पेसमेकर, डीफिब्रिलेटर, सगळ्यांच्या मुळाशी हेच पटल. हे बॉटनीचं नाही, आमचंच आहे.

खडूफळा

मॅडम, सुंदर. पण हे शिकवणारा माणूस आणा मला जिल्ह्यात. तुमच्यासारखे लोक वर्गात नाहीत, सर्व्हिसच्या गाडीत आहेत. अभ्यासक्रम वर्गातल्या माणसाकडं बघून लिहावा लागतो.

आणि कॉम्प्युटरचं काय? त्यांना ना यीस्ट, ना व्होल्टेज.

निळी वायर

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल घेणाऱ्यांत डेमिस हसाबिस होते. मूळचा कॉम्प्युटरचा माणूस. प्रथिनाची घडी कशी पडेल हे सांगणारा प्रोग्राम त्यांच्या गटानं केला.

खडूफळा

आमच्या वर्गात अजून तरी हसाबिस सापडला नाही. सापडला तर त्याला ऐच्छिक विषय देऊ. साठ पोरांचा वर्ग एका हसाबिससाठी वेठीला धरू नका.

चेंबरचं झाकण (परभणी)

सिव्हिल, ठेकेदारी. लई शिकलेल्यांत बोलतोय, सांभाळून घ्या.

जुन्या गटारलाइनचं सिमेंटचं पाइप कधी फोडून बघितलंय का? आपल्याला वाटतं खालून झिजलं असंल, पाणी खालून वाहतंय. उलट असतं. पाइप वरून, कमानीत खाल्लेलं निघतं, बोटानं खरवडलं तरी पांढरा भुगा पडतो. कारण बॅक्टेरिया. तळाच्या गाळात ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. वायू वर चढतो. वरच्या ओलसर भिंतीवर दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया बसलेले असतात, ते त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. ॲसिड सिमेंटला खातं, जिप्सम होतं, ढपले पडतात. हाच वायू चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसाचा जीव घेतो, आणि दरवर्षी कुठंतरी घेतोच.

आपण काय करतो? सिमेंटचा ग्रेड वाढवतो. त्यानं ॲसिड थांबत नाही. उतार नीट द्या, गाळ साचू देऊ नका, वायू बाहेर निघंल असं करा, आतून अस्तर लावा. मला हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही. काँक्रीटच्या पेपरात बॅक्टेरिया हा शब्दच नव्हता.

खडूफळा

ठेकेदार साहेब, तुमची पोस्ट काँक्रीटच्या वर्गात वाचून दाखवली पाहिजे. तेच तर म्हणतोय! गटाराचा धडा सिव्हिलला, यीस्टचा केमिकलला, पटलाचा इलेक्ट्रिकलला. ज्या त्या पेपरात घाला. सगळ्यांना एकच सक्तीचा पेपर कशाला?

निळी वायर

कारण घालणार कुणीच नाही. काँक्रीटवाले सर म्हणतील माझा सिलॅबस आधीच भरलाय. अमेरिकेतल्या एमआयटीनं १९९३ पासून सगळ्या शाखांना जीवशास्त्र सक्तीचं केलं. नावात एमआयटी असलेली आपल्याकडची नव्हे, ती मूळची. तिथंही गणितवाल्यांना तास कमी पडत असतीलच की.

खडूफळा

तिथल्या मुलाला प्रवेशाआधी कॅलक्युलस येतं. इथं मी पहिला महिना लॉगॅरिदममध्ये घालवतो. तुलना बरोबरीच्यात करावी.

नीट झालं नाही

सर, मागच्या पेपरला पेशीचं चित्र सात मार्कांना होतं. निळी वायर ताईंचं गणित आलं असतं तर मला आले नसते मार्क, पण माझ्या बेंचवरच्याला आले असते. तो गणितात पुढं आहे, बायोत बॅक राहिला.

गाळप हंगाम

बघा सर, पेपर बदलला तर तुमचा गणितवालाही वाचतो. मी शनिवारी येऊन तास घेतो, डिस्टिलरी बंद असंल तेव्हा. १८० ग्रॅम साखर देतो, अल्कोहोल, वायू आणि उष्णता काढायला लावतो. चित्र अजिबात नाही.

खडूफळा

या की. पण तासिकेचं बिल आमच्याकडं मार्चला निघतं, तेही निघालं तर. आणि पेपर मी काढत नाही, विद्यापीठ काढतं. तिथं डोळा आणि कॅमेराच येणार आहे.